‘कळवतो’ म्हणाले, पुढं काय?

सॉफ्टवेअर डेव्हलपरच्या मुलाखतींबद्दल काय अडतं ते लिहून पाठवा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. सांगली-सातारा भागातून आलेल्या बऱ्याच पत्रांत ‘कुठला क्लास लावू’ हाच प्रश्न आहे. पण त्याच पत्रांत पुढं जे तपशील दिलेत ते वाचले, की घोडं भलतीकडंच पेंड खातंय हे दिसतं. म्हणून क्लासचे प्रश्न बाजूला ठेवून हे निवडले आहेत.

प्रश्न: ऑनलाइन कोडिंग टेस्टमध्ये माझा प्रोग्रॅम घरच्या लॅपटॉपवर बरोबर उत्तर देतो, पण तिथं दहापैकी एकही टेस्ट केस पास होत नाही. असं तीन कंपन्यांच्या टेस्टमध्ये झालं. लॉजिक मित्रांनीही तपासलं, बरोबर आहे. मी जावा वापरते, कधी पायथन.
— अंतिम वर्ष, संगणक अभियांत्रिकी, विश्रामबाग, सांगली

उत्तर: टेस्ट केस म्हणजे प्रोग्रॅम तपासायला दिलेलं नमुन्याचं इनपुट आणि त्याचं अपेक्षित उत्तर. दहापैकी शून्य आणि दहापैकी सहा, हे दोन वेगळे आजार आहेत. सहा पास होत असतील तर लॉजिक किंवा वेग तपासायचा. एकही पास होत नसेल तर बहुतेक वेळा इनपुट घेण्यात नाहीतर आउटपुट छापण्यात गडबड असते.

कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये ‘एंटर द नंबर’ असं छापून मग आकडा घ्यायची सवय लागलेली असते. टेस्टमध्ये आउटपुट तपासायला माणूस बसलेला नसतो. अपेक्षित मजकुराशी तुमचा मजकूर अक्षराला अक्षर लावून पाहिला जातो. तुमच्या आउटपुटच्या सुरुवातीला ‘एंटर द नंबर’ आलं, की उत्तर बरोबर असूनही सगळ्या केस गेल्या. पायथनमध्ये तर इनपुटच्या कंसात लिहिलेला मजकूरही आउटपुटमध्येच जातो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. कंस रिकामा ठेवा. ‘द आन्सर इज’ वगैरे शोभाही नको. नुसता आकडा छापा.

जावात दुसरी खोड स्कॅनरची, म्हणजे इनपुट वाचणाऱ्या साधनाची. आधी नेक्स्टइंटनं आकडा घेतला आणि लगेच नेक्स्टलाइननं ओळ वाचली, तर हातात रिकामी ओळ येते. आकड्यानंतर दाबलेला एंटर तसाच मागं उरलेला असतो आणि नेक्स्टलाइन तोच उचलते. मध्ये एक जादा नेक्स्टलाइन टाका, नाहीतर सगळंच ओळीनं वाचून मग आकड्यांत रूपांतर करा. एकाच इनपुटमध्ये अनेक टेस्ट असतील तर पहिली ओळ त्यांची संख्या सांगते. ती वाचून बाहेरचं लूप लावलं नाही, की एकच उत्तर छापलं जातं आणि बाकीची गायब.

आता काही केस पास आणि काही नापास असा प्रकार. प्रश्नाच्या तळाशी कन्स्ट्रेंट्स (इनपुट किती मोठं असू शकतं त्या मर्यादा) लिहिलेले असतात, ते कोड लिहायच्या आधी वाचायचे. यादीत जास्तीत जास्त १,००० आकडे असतील तर लूपमध्ये लूप चालेल, फार तर १० लाख फेऱ्या होतात. तीच यादी १ लाखाची असेल तर फेऱ्या १,००० कोटींवर जातात. सेकंदाला ढोबळमानानं १० कोटी साध्या क्रिया धरल्या, तरी शंभर सेकंद झाले. वेळ मिळते एक-दोन सेकंदांची. पायथन याहून बराच हळू.

मोठ्या आकड्यांच्या केस नापास होत असतील तर जावातल्या इंट या पूर्णांकाच्या प्रकाराची मर्यादा आठवा: २,१४,७४,८३,६४७. पन्नास हजार गुणिले पन्नास हजार म्हणजे २५० कोटी, तो गुणाकार इंटमध्ये मावत नाही आणि उत्तर उणे येतं. इथंही एक बारकी मेख आहे. उत्तर ठेवायला लाँग (याहून मोठा प्रकार) घेतलं, पण गुणले ते दोन्ही आकडे इंटच राहिले, तर गुणाकार इंटमध्येच होतो आणि बिघडलेलं उत्तर लाँगमध्ये जाऊन बसतं. गुणण्याआधी एक तरी आकडा लाँग करून घ्या.

आणि परिपूर्ण उत्तर सुचेपर्यंत कोरं पान ठेवू नका. अनेक टेस्टमध्ये पास झालेल्या केसप्रमाणे गुण मिळतात. साधं, हळू चालणारं उत्तर आधी सबमिट करून मग सुधारा.

प्रश्न: माझं बारावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमातून झालं, आता बी.सी.एस. करतोय. उत्तर येत असतं, पण इंग्रजीत मांडताना अडखळतो आणि समोरचे ‘ओके, नेक्स्ट’ म्हणतात. आधी इंग्रजी सुधारू की कोडिंग?
— तासगाव

उत्तर: कोडिंग. इंग्रजीचं काम त्यासोबतच उरकतं, कारण मुलाखतीत लागणारं इंग्रजी फार थोडं असतं. लूप, अ‍ॅरे, की, व्हॅल्यू, रिटर्न हे शब्द तुम्ही मराठीत बोलतानाही वापरताच. कमी पडतात ती मधली वाक्यं, आणि तशी पाच-सहाच लागतात. ‘कॅन आय अझ्यूम द लिस्ट इज सॉर्टेड?’, ‘लेट मी स्टार्ट विथ द सिंपल अप्रोच’, ‘गिव्ह मी अ मिनिट टु थिंक’, ‘आय हॅव नॉट वर्क्ड ऑन धिस’. ही जिभेवर बसली पाहिजेत.

व्याकरणाची चूक झाली म्हणून तांत्रिक फेरीत सहसा कुणी काढून टाकत नाही. दोन-तीन मिनिटं काहीच न बोलता कागदावर खरडत बसणं मात्र महागात पडतं, कारण समोरच्याला तुमच्या डोक्यात काय चाललंय ते कळत नाही आणि त्याला इशाराही देता येत नाही. चुकीची वाट धरलेल्या पण बोलणाऱ्या उमेदवाराला मुलाखत घेणारा बहुधा वळवून आणतो.

प्रोजेक्टबद्दल चार गोष्टी तयार ठेवा: तो कोण वापरतं, त्यांची अडचण काय होती, त्यातला कुठला भाग तुम्ही स्वतः लिहिलात आणि कुठं अडलात. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. पाठ केलेला परिच्छेद मात्र नको. पहिल्या उलटप्रश्नाला तो कोसळतो आणि मग सावरणं अवघड जातं.

पुण्यातल्या पॅनेलला ‘थोडं हिंदीत सांगितलं तर चालेल का’ असं एकदा विचारायला हरकत नाही. पण परदेशी क्लायंटशी रोज बोलायचं काम असेल तर इंग्रजी तपासणारच, तिथं सवलतीची अपेक्षा ठेवू नये.

प्रश्न: दोन आकड्यांची बेरीज ठरावीक यावी, अशी जोडी शोधायला सांगितली होती. मी हॅशमॅप वापरला, कोड चाललाही. तरी ‘नाही’ आलं. यापेक्षा चांगलं उत्तर असतं का?
— मिरज

उत्तर: हॅशमॅप म्हणजे ठेवलेली गोष्ट लगेच शोधून देणारा साठा, यापेक्षा वेगवान उत्तर लागत नाही. पण या प्रश्नात उत्तराआधीचं बोलणंही तपासलं जातं. एक यादी घेऊन पाहू. हळदीच्या पोत्यांची किलोमधली वजनं आहेत: ५०, ६१, ४८, ३९, ५२. बेरीज हवी १००.

कोडला हात लावण्याआधी विचारायचं: जोडी एकच हवी की सगळ्या? एकच पोतं दोनदा धरता येईल का? उणे आकडे असतील का? जोडी नसेल तर काय परत करायचं? हे न विचारता ‘हो, येतं मला’ म्हणून जो लिहायला घेतो, त्यानं हा प्रश्न पाठ केलाय हे समोरच्याला लगेच समजतं.

मग आधी साधी रीत तोंडी सांगा. प्रत्येक पोतं बाकी सगळ्यांशी जोडून बघायचं, ओ ऑफ एन स्क्वेअर, म्हणजे आकडे दुप्पट झाले तर काम चौपट. त्यानंतर हॅशमॅप. ५० घेतलं, जोडीला ५० हवं, मॅप रिकामा आहे, म्हणून ५० त्यात ठेवलं. ६१ ला ३९ हवं, नाही, ठेवलं. ४८ ला ५२ हवं, अजून आलेलं नाही, ठेवलं. ३९ ला ६१ हवं, ते मॅपमध्ये आहे. जोडी मिळाली. एकाच फेरीत काम झालं, पण जागा जास्त लागली. वेळ वाचवायला जागा खर्च केली, हे तुम्ही स्वतःहून म्हणावं अशी अपेक्षा असते.

पुष्कळ जण घसरतात ते क्रमावर. आधी शोधायचं आणि मग ठेवायचं. उलटं केलंत तर पहिलंच ५० मॅपमध्ये जातं, स्वतःलाच सापडतं आणि ‘५० अधिक ५०’ असं खोटं उत्तर येतं, जेव्हा ५० चं पोतं एकच आहे. यादीत नेमका निम्मा आकडा नसेल तर ही चूक दिसतच नाही. तुमचा कोड चालला तो कदाचित अशाच यादीवर. लिहून झाल्यावर रिकामी यादी, एकच आकडा, दोन सारखे आकडे आणि निम्मा आकडा, एवढ्या चारांवर बोट ठेवून कोड चालवून दाखवायचा.

पुढचा प्रश्न हमखास येतो: ‘यादी आधीच चढत्या क्रमानं असेल तर?’ मग मॅप नको. एक बोट सुरुवातीला, एक शेवटी. बेरीज कमी पडली तर डावं पुढं, जास्त झाली तर उजवं मागं.

प्रश्न: दुसऱ्या क्रमांकाचा पगार शोधायची एसक्यूएल क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) लिहिली: उतरत्या क्रमानं लावून लिमिट १, ऑफसेट १. मॅडम म्हणाल्या, ‘विचार करा.’ अजून विचारच करतोय.
— विटा

उत्तर: पगार ९०, ९०, ७०, ६० हजार असे आहेत असं समजा. तुमची क्वेरी पहिली ओळ सोडून पुढची एक घेते, म्हणून दुसऱ्या ओळीवरचे ९० देईल, हवेत ७०. डिस्टिंक्ट (सारखे आकडे एकदाच धरणं) लावलं की हे सुटतं. सगळ्यांचा पगार सारखाच असेल तर डिस्टिंक्टवाली क्वेरी एकही ओळ देणार नाही. सर्वात मोठ्या पगारापेक्षा कमी असलेल्यांतला मॅक्स काढला तर नल, म्हणजे रिकामी किंमत येईल. यातलं कुठलं चालेल ते विचारून घ्यायचं.

‘आता प्रत्येक विभागातला दुसरा काढा’ हे पुढचं पाऊल. तिथं विभागानुसार पार्टिशन (गट) करून डेन्स रँक वापरायचा, तो सारख्यांना एकच क्रमांक देतो आणि पुढचा क्रमांक गाळत नाही. नुसता रँक वापरलात तर दोन ९० ना पहिला क्रमांक मिळतो आणि ७० ला थेट तिसरा. दुसरा कुणी उरतच नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ही फंक्शन्स ८.० पासून आहेत. पगाराच्या रकान्यात नल असतील तर तेही सांभाळा. उतरत्या क्रमात मायएसक्यूएल नल तळाशी टाकतं, पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वर आणतो.

एसक्यूएलमध्ये आणखी एक प्रश्न बसल्याजागी दांडी उडवतो. दूध संस्थेचे सगळे सभासद आणि त्यांचं या महिन्याचं बिल दाखवा, बिल नसलेलेही दिसले पाहिजेत. लेफ्ट जॉइन (डावीकडच्या टेबलातली प्रत्येक ओळ राखणारी जोडणी) बरोबर लिहितात, पण महिन्याची अट व्हेअरमध्ये घालतात. बिल नसलेल्याच्या महिन्याच्या रकान्यात नल असतं, अट त्याला गाळून टाकते आणि लेफ्ट जॉइनचा इनर जॉइन (फक्त दोन्हीकडं जुळणाऱ्या ओळी ठेवणारा) होऊन बसतो. ती अट जॉइनच्या ऑनमध्ये घाला.

प्रश्न: पुण्यात अडीच वर्षं जावावर काम करतो, सध्या घरूनच. नोकरी बदलण्यासाठी मुलाखती देतोय. थिअरी येते, पण स्वतःच्याच प्रोजेक्टवर प्रश्न आले की गडबडतो.
— कराड

उत्तर: अनुभवी उमेदवाराची खरी मुलाखत तिथंच होते. दिवसाला किती रिक्वेस्ट येतात, सर्वात मोठ्या टेबलात किती ओळी आहेत, कुठली क्वेरी हळू होती आणि इंडेक्स (शोध वेगानं व्हावा म्हणून केलेली सूची) कुठल्या रकान्यावर लावला, प्रॉडक्शनमध्ये (ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टिममध्ये) शेवटचं काय बिघडलं, ते आधी कुणाच्या लक्षात आलं, लॉग कुठं बघता, रिलीज (नवी आवृत्ती) मागं कसं घेता. यांची उत्तरं नोकरीत असतानाच गोळा करा. राजीनामा दिल्यावर अ‍ॅक्सेस जातो. कंपनीचा कोड किंवा क्लायंटचा डेटा स्वतःकडं उतरवून घ्यायचा नाही, आकडे डोक्यात ठेवायचे. आणि ‘आम्ही केलं’ असं सतत म्हणू नका. ‘तुम्ही काय केलंत?’ हा प्रश्न ठरलेलाच आहे.

थिअरी येते म्हणता, तरी हे एक ताडून बघा. हॅशमॅपमध्ये सुरुवातीला १६ बकेट (खण) असतात आणि लोड फॅक्टर (किती भरला की वाढवायचा ते प्रमाण) ०.७५, म्हणजे १२ नोंदींच्या पुढं गेला की तो दुप्पट होतो, एवढं सगळे म्हणून दाखवतात. नंतर विचारतात: क्लासमध्ये इक्वल्स (दोन वस्तू सारख्या आहेत का ते सांगणारं) लिहिलं आणि हॅशकोड (वस्तू कुठल्या बकेटमध्ये जाईल ते ठरवणारा आकडा) लिहिलाच नाही, तर काय होईल? ठेवलेली वस्तू तशाच दुसऱ्या कीनं मागितली तर बहुधा नल मिळेल, कारण दोन्ही कींचा हॅश वेगळा निघतो आणि शोध भलत्याच बकेटमध्ये होतो. हे कारणासकट सांगता आलं तर अडीच वर्षं कामी आली म्हणायची.

प्रश्न: पदवी होऊन दोन वर्षं झाली, नोकरी नाही. पुण्यातला एक क्लास पैसे घेऊन दोन वर्षांच्या अनुभवाचं पत्र आणि पगाराच्या स्लिपा देतो म्हणतोय. ‘सगळेच करतात’ असं मित्र सांगतात. करू का?
— सातारा

उत्तर: करू नका. आधी व्यवहाराचं बोलू. नोकरी लागल्यावर पार्श्वभूमी तपासणी होते आणि ती अनेकदा रुजू झाल्यावर पूर्ण होते. पीएफच्या यूएएन क्रमांकाखाली (नोकरी बदलली तरी तोच राहणारा क्रमांक) कुठल्या मालकाकडं कधीपासून कधीपर्यंत होता, हे नोंदलेलं असतं. पत्र विकणारे सांगतात की आमच्याकडं वीसपेक्षा कमी माणसं, म्हणून पीएफ लागू नाही. मग तपासणारे बँकेचं स्टेटमेंट, फॉर्म १६ (मालकानं दिलेलं पगार आणि कर-कपातीचं प्रमाणपत्र) आणि २६एएस (आयकर खात्याकडची कर-कपातीची नोंद) मागतात. दर महिन्याचा पगार खात्यात दिसला पाहिजे, तो कुठून आणणार? सापडलात की नोकरी जाते, आणि पुढच्या प्रत्येक अर्जात ‘आधीची नोकरी का सुटली’ याला उत्तर राहत नाही. शिवाय बनावट कागद खरा म्हणून वापरणं हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे.

तपासणीपर्यंत जाण्याआधी मुलाखतीतच उघडं पडण्याची शक्यता जास्त. वर कराडच्या वाचकाला दिलेले प्रश्न पुन्हा वाचा. प्रॉडक्शन कधी न पाहिलेला माणूस तिसऱ्या प्रश्नाला थांबतो.

दोन वर्षांचं अंतर सरळ सांगता येतं, फक्त त्यापुढं दाखवायला काहीतरी हवं. एखाद्या दुकानाची, पतसंस्थेची किंवा कुपवाडच्या छोट्या कारखान्याची खरी गरज धरून एक लहान सॉफ्टवेअर करा. ते सर्व्हरवर चढवा, निदान दोन माणसांना रोज वापरायला द्या, तक्रारी दुरुस्त करा, गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) नोंदी ठेवा. लॉगिन चालेना, तारीख उलटी पडली, एकाच वेळी दोघांनी नोंद केली आणि साठा चुकला, असं काही ना काही निघतंच, आणि मुलाखतीत त्यावर अर्धा तास बोलता येतं. इंटरनेटवरून उचललेल्या ‘लायब्ररी मॅनेजमेंट’वर पाच मिनिटंही निघत नाहीत.

प्रश्न: ऑनलाइन मुलाखत चालू असताना वीज गेली आणि सगळंच बंद पडलं. गावाकडून मुलाखत द्यावीच का?
— जत

उत्तर: द्या. राउटरला वीज फार कमी लागते, त्याच्यापुरता छोटा यूपीएस बसवा. मोबाइल दुसऱ्या कंपनीच्या सिमचा असू दे, हॉटस्पॉट आधी लॅपटॉपला जोडून बघितलेला असू दे. एचआरचा नंबर कागदावर लिहून समोर ठेवा. लाइन गेली तर पाच मिनिटांत फोन करा, बहुतेक जण वेळ बदलून देतात. गप्प बसलात तर गैरहजर धरतात. कानात कुणी उत्तरं सांगणं, शेजारी मोबाइलवर एआय उघडणं या भानगडीत पडू नका. नजर सारखी एकाच कोपऱ्यात जाते आणि उत्तर आठ-दहा सेकंदांच्या ठरावीक उशिरानं येतं, हे ओळखायला आता सगळे शिकलेत.

प्रश्न: मुलाला ईमेलवर ऑफर लेटर आलंय. लॅपटॉपची अनामत म्हणून बारा हजार भरायला सांगतात, रुजू झाल्यावर परत म्हणे. मुलाखत चॅटवरच झाली. कंपनी मोठी आहे, नाव ऐकलेलं आहे.
— पालक, कोरेगाव

उत्तर: एक रुपयाही भरू नका. चांगली कंपनी नोकरीसाठी पैसे घेत नाही. लॅपटॉपचे नाही, ट्रेनिंगचे नाही, कागदपत्रं तपासण्याचेही नाही. कंपनी खरी असेल, पत्र पाठवणारा खरा असेलच असं नाही. ईमेलमध्ये अ‍ॅटच्या चिन्हापुढं काय आहे ते अक्षर अन् अक्षर बघा. कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरचा नंबर स्वतः शोधून त्यावर विचारा, पत्रातल्या नंबरवर नको. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम पुढं सरकण्याआधी अडवली जाण्याची आशा जास्त. खऱ्या कंपनीतसुद्धा मूळ गुणपत्रिका दाखवायच्या आणि परत घ्यायच्या, जमा करायच्या नाहीत.

प्रश्न: तिन्ही फेऱ्या चांगल्या झाल्या, ‘कळवतो’ म्हणाले. तीन आठवडे झाले, फोन नाही. मीच करावा का?
— वाई

उत्तर: एकदा ईमेल करा, चार ओळींचा: कुठल्या पदासाठी, कुठल्या तारखेला, कुठली फेरी झाली आणि पुढं काय. आठवड्यानं आणखी एकदा. त्यापुढं पाठपुरावा नको, तेवढ्या वेळात दुसरीकडं अर्ज करा. जागाच थांबवली गेली, आतलाच माणूस घेतला, दुसऱ्यानं हो-नाही करेपर्यंत तुम्हाला राखीव ठेवलं, अशी कारणं असतात आणि ती सांगितली जात नाहीत. त्याच कंपनीत पुन्हा अर्ज करायला अनेक ठिकाणी सहा महिने थांबावं लागतं, हे मात्र विचारून ठेवा.

प्रश्न: साडेचार लाखांचं पॅकेज मिळालंय. महिन्याला साडेसदतीस हजार धरून पुण्यात खोली बघितली तर चालेल ना? एचआरला पगाराबद्दल जास्त विचारलं तर बरं दिसत नाही म्हणून विचारलं नाही.
— फलटण

उत्तर: ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. ‘दरमहा हातात किती?’ हे रुजू होण्याआधी लेखी विचारायचंच असतं. साडेचार लाखांत बहुतेकदा कामगिरीवर अवलंबून असलेला भाग असतो. तो १० टक्के धरला तर ४५,००० गेले, आणि ते मिळाले तर वर्षाअखेरीस. मूळ पगार निम्मा, म्हणजे २,२५,००० धरू. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १५,००० च्या मर्यादेवर महिना १,८००, वर्षाचे २१,६००. ग्रॅच्युइटी मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, साधारण १०,८००. विम्याचे ६,००० धरा. उरले ३,६६,६००, म्हणजे महिना ३०,५५०. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला, की हातात २८,५५०. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असतो. एवढ्या उत्पन्नावर नव्या करप्रणालीत आयकर लागत नाही.

तुमच्या पत्रातले आकडे वेगळे असतील, रीत हीच. ऑफरसोबत पगाराच्या विभागणीचा तक्ता असतो, नसेल तर मागून घ्या. त्यातच बाँड आहे का, किती महिन्यांचा, सोडल्यास किती रक्कम भरायची, नोटीस पिरियड ३० दिवसांचा की ९० चा, हे पाहा. ९० दिवसांची अट असेल तर पुढची नोकरी शोधताना ‘लगेच कोण येतं?’ या जागा हातून जातात. खोली बघाल ती हातात येणाऱ्या २८ हजारांच्या हिशोबानं. पहिला पगार हातात पडेपर्यंत महिनाभराचा खर्च आणि डिपॉझिट घरून न्यावं लागेल, तेवढी तजवीज आधी करा.